फोन वाचून दाखवतो, मग ग्रंथालय कशाला?

छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठी ग्रंथालयं श्राव्य पुस्तकांची जी वेगळी सेवा चालवतात, ती आता बंद करावी, निदान सर्वसामान्य विभागात मिसळून टाकावी, असं म्हणणारे वाढत चालले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: फोन समोर धराल ते वाचून दाखवतो, ऑडिओबुकचा बाजार जोरात आहे, यंत्राचा आवाज माणसाच्या आवाजापासून वेगळा ओळखू येईनासा झाला आहे, मग दृष्टिहीनांसाठी वेगळे निवेदक, वेगळा स्टुडिओ, वेगळी यादी हा खटाटोप कशासाठी? याला विरोध करणारे बहुतेक जण लगेच गहिवरतात. बिचाऱ्यांचा एवढा एक आधार तरी राहू द्या, असा त्यांचा सूर. एक पक्ष फोनचं प्रात्यक्षिक करून दाखवतो, दुसरा डोळे पुसतो. ज्याला पुस्तक वाचायचं आहे तो वाचक या वादात कुठेच दिसत नाही. त्याला कोणतं पुस्तक हवं होतं, एवढं विचारण्याची तसदीही कोणी घेतलेली नाही.

या सेवा टिकल्या पाहिजेत आणि वाढल्याही पाहिजेत, असं माझं मत आहे. दयाबुद्धीचा त्याच्याशी संबंध नाही. आवाज पुरवणं एवढंच या सेवांचं काम असतं, तर फोन आल्यावर त्यांना खुशाल कुलूप लावता आलं असतं. पण एखाद्या वाचकाने पुस्तक मागितलं आणि ते त्याला वाचता येईल अशा रूपात नसलं, तर ते तसं करून देण्याची जबाबदारी कोणाच्या तरी अंगावर असायला हवी, आणि ती या सेवांच्या अंगावर आहे. दुकानावर ती नसते. दुकान म्हणतं, आमच्याकडे नाही, आणि विषय संपतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या ग्रंथालयाला ‘नाही’ म्हणताना कारण द्यावं लागतं, आणि ते कारण पटलं नाही तर त्याच्याशी भांडता येतं. हा फरक तंत्रज्ञानाने तसूभरही मिटवलेला नाही.

मुळात हे वाचक कोण, याविषयीची आपली कल्पनाच तोकडी आहे. अंधांचं ग्रंथालय म्हटलं की जन्मापासून न दिसणारी, ब्रेलवर बोटं फिरवणारी व्यक्ती नजरेसमोर येते. प्रत्यक्षात अशा सेवांच्या वाचकांमध्ये मोठा भाग उतारवयात दृष्टी गमावलेल्यांचा असतो. काचबिंदू, मधुमेहाने बिघडलेला दृष्टिपटल, वयोमानाने झिजलेला त्याचा मध्यबिंदू. आयुष्यभर वाचत आलेल्या माणसाने सत्तरीत नव्याने ब्रेल शिकावं ही अपेक्षा अवघड आहे; तोवर बोटांची संवेदनाही मंदावलेली असते, मधुमेहात तर अधिकच. शिवाय ज्यांची नजर चांगली आहे पण पुस्तक ज्यांच्या हाताबाहेर गेलं आहे, असेही वाचक आहेत. कोणाचा हात कंपवाताने स्थिर राहत नाही, कोणाला स्नायूंच्या विकारामुळे पुस्तक पेलवत नाही, कोणाला मणक्याच्या दुखापतीनंतर पान उलटता येत नाही. डिस्लेक्सिया असलेल्याला अक्षरं दिसतात, पण त्यांचे शब्द जुळवताना तो थकून जातो. अमेरिकेत १९३१ च्या कायद्याने राष्ट्रीय पातळीवर अशी सेवा सुरू झाली ती फक्त प्रौढ अंधांसाठी. मुलांचा समावेश व्हायला १९५२ उजाडलं आणि शारीरिक अपंगत्वामुळे पुस्तक हाताळता न येणाऱ्यांना दार उघडलं ते १९६६ मध्ये. ‘फोन आहे ना’ म्हणणाऱ्यांनी थरथरत्या बोटाने काचेच्या पडद्यावरचं नेमकं चिन्ह दाबून पाहावं. अमेरिकी सेवेने २००९ पासून वाचकांना दिलेल्या डिजिटल यंत्राची बटणं मोठी आणि हाताला वेगवेगळी लागणारी आहेत. यंत्र बंद असताना एखादं बटण दाबलं, तर ते कशासाठी आहे हे यंत्र बोलून सांगतं. असली रचना बाजारातल्या चढाओढीतून आपोआप उगवत नाही.

तंत्रज्ञान एकीकडे आणि ग्रंथालय दुसरीकडे, अशी मांडणी करणाऱ्यांनी इतिहासही तपासलेला दिसत नाही. एडिसनने १८७७ मध्ये आवाज मुद्रित करून ऐकवणारा फोनोग्राफ बनवला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या संभाव्य उपयोगांची यादी छापली. त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होती अंधांशी बोलणारी पुस्तकं. संगीताचा क्रमांक त्यानंतरचा. बाजाराने यादीतलं संगीत उचललं, पुस्तकं तिथेच पडून राहिली, कारण तीन-चार मिनिटांत संपणाऱ्या तबकडीवर कादंबरी मावणार कशी? तो पेच सोडवला तो पुस्तकासाठी अडलेल्यांनी. अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने संथ फिरणारी, एका बाजूला सुमारे पंधरा मिनिटं वाजणारी तबकडी तयार केली आणि १९३४ मध्ये बोलकी पुस्तकं ग्रंथालयांमार्फत वाचकांच्या घरी जाऊ लागली. ब्रिटनमध्ये ती पुढच्याच वर्षी आली. तिथे या कामामागे इयन फ्रेझर होते, पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत दृष्टी गमावलेले सैनिक. दीर्घकाळ वाजणारी तबकडी सर्वसामान्य श्रोत्यांच्या बाजारात रूढ झाली ती १९४८ नंतर. म्हणजे ज्यांना आज ‘मागे पडलेली सेवा’ म्हटलं जातं, ते तेव्हा बाजाराच्या चौदा वर्षं पुढे होते. अमेरिकी संशोधक रे कुर्झवाइल यांचं १९७६ चं वाचनयंत्रही अंधांसाठीच होतं. त्यासाठी सपाट काचेचा स्कॅनर, कोणत्याही टंकातला मजकूर ओळखणारी प्रणाली आणि मजकुराचा आवाज करणारी यंत्रणा या तीन गोष्टी एकत्र आणल्या गेल्या. आज फोन समोर धरलेलं पान वाचतो तो याच वाटेने.

असो. इतिहास काही का असेना, आज आवाज सहज मिळतो हे तर खरं? खरं आहे. पण तो किती भरवशाचा, हे २००९ मध्ये एकदा स्पष्ट झालं होतं. ॲमेझॉनने त्या वर्षी ई-पुस्तकं वाचायच्या किंडल या यंत्राची दुसरी आवृत्ती आणली, ती कोणतंही ई-पुस्तक यंत्राच्या आवाजात वाचून दाखवत असे. ऑथर्स गिल्ड या लेखक-संघटनेने हरकत घेतली की श्राव्य हक्क वेगळे विकले जातात, ते असे फुकट देता येणार नाहीत. काही आठवड्यांतच कंपनीने माघार घेतली आणि पुस्तकागणिक आवाज चालू ठेवायचा की बंद, हे ठरवण्याची मुभा हक्कधारकांना दिली. एप्रिलमध्ये अंध आणि डिस्लेक्सिया असलेल्या वाचकांनी न्यूयॉर्कमध्ये त्या संघटनेच्या कार्यालयासमोर निदर्शनं केली. गंमत अशी की या बोलणाऱ्या यंत्राची यादी आणि आज्ञा मात्र मुक्या होत्या. आवाज सुरू करायलाच डोळस माणूस लागे. त्याच वर्षी एका अमेरिकी विद्यापीठाने पाठ्यपुस्तकांसाठी मोठ्या आकाराचं किंडल वापरायचं ठरवलं, तेव्हा अंधांच्या संघटनांना न्यायालयात जावं लागलं. त्यानंतर यंत्रं पुष्कळ सुधारली, हे मान्य करायलाच हवं. प्रश्न यंत्र चांगलं की वाईट हा नाही. बंद करण्याची कळ कोणाच्या हातात आहे, आणि ती दाबली गेली तर वाचकाने दाद कोणाकडे मागायची?

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो फोनचे कौतुक करणारे डोळस लोक मांडत नाहीत, सरावलेले अंध वाचक मांडतात. ते म्हणतात, आम्हाला नटाचा आवाज नको. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा सपाट, यांत्रिक आवाज आम्ही अशा वेगाने ऐकतो की शेजारच्याला एक शब्द कळणार नाही. निवेदकाने भावना ओतून वाचलेली कादंबरी आमच्या आणि लेखकाच्या मध्ये तिसरा माणूस आणून बसवते. हा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, आणि मानवी आवाजच श्रेष्ठ म्हणून या सेवा हव्यात असा युक्तिवाद करणाऱ्यांनी तो ऐकून घ्यावा. पण यंत्राने वाचायचं तर त्याला वाचण्याजोगा मजकूर लागतो, आणि घोडं नेमकं तिथे पेंड खातं. पानाचं नुसतं छायाचित्र यंत्राला मुकं असतं. युनिकोड या अक्षरांच्या सर्वमान्य संकेतपद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेलं मराठी पुस्तक पडद्यावर सुबक दिसतं आणि स्क्रीन रीडरच्या तोंडून निरर्थक अक्षरांची खिचडी होऊन बाहेर पडतं. तक्ते, समीकरणं, नकाशे, कवितेच्या तुटक ओळी, पानाच्या तळाशी दिलेल्या टिपा, समासातली सूची: यांचं काय करायचं हे कोणीतरी ठरवून फाइलमध्ये बांधावं लागतं. डेझी नावाची पद्धत याच कामासाठी उभी राहिली. स्वीडनच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयाने तिची सुरुवात केली आणि १९९६ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या ग्रंथालयांनी तिच्यासाठी संघ स्थापला. तिच्यामुळे श्राव्य पुस्तकातही प्रकरणावरून प्रकरणावर, पानावरून पानावर उडी मारता येते, खूण ठेवता येते, टीप वगळता किंवा ऐकता येते. वर्गात शिक्षकाने अमुक पान काढा म्हटलं, तर अंध विद्यार्थीही ते पान काढतो. दुकानातलं ऑडिओबुक करमणुकीसाठी बनतं. त्याला पानं नसतात, तळटिपा बहुधा गाळलेल्या असतात, संदर्भसूची तर नसतेच. ग्रंथालयातलं ध्वनिमुद्रण वेगळं होतं. तिथे निवेदक वाचतो, दुसरा कोणी समोर पुस्तक धरून प्रत्येक शब्द पडताळतो, तिसरा पूर्ण झालेलं मुद्रण पुन्हा ऐकतो. मलपृष्ठावरचा मजकूरसुद्धा वाचला जातो, कारण दुकानात पुस्तक हातात घेऊन चाळणारा माणूस आधी तोच वाचतो.

यापुढचा आक्षेप तत्त्वाचा आहे, म्हणून अधिक गंभीर. वेगळी सेवा म्हणजे वेगळी पंगत, असं काही जण म्हणतात. समावेशनाच्या काळात अंधांसाठी स्वतंत्र कप्पा कशाला? सगळ्यांना एकच ॲप, एकच दुकान, एकच पुस्तक. ऐकायला हे फार उमदं वाटतं. पण हाच युक्तिवाद पूर्वी एकदा झाला आहे आणि त्याचं काय झालं तेही ठाऊक आहे. पॅरिसमध्ये व्हॅलाँता आउई यांनी १७८० च्या दशकात अंधांसाठी शाळा काढली आणि कागदावर उठावाची रोमन अक्षरं उमटवून पुस्तकं छापली. अक्षरं डोळसांचीच, फक्त फुगवलेली. डोळस शिक्षकाला ती बघून वाचता येत, विद्यार्थ्याला मात्र एकेक अक्षर चाचपत जावं लागे. त्याच शाळेतल्या लुई ब्रेलने १८२९ मध्ये ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली, ती बोटाच्या टोकाखाली मावेल अशी. मुलांनी ती झपाट्याने उचलली, कारण तिच्यात वाचता येत होतं आणि लिहिताही येत होतं. १८४० च्या दशकात शाळेचे संचालक द्युफो यांनी तिच्यावर बंदी आणली. त्या काळी ब्रेलला होणाऱ्या विरोधाचा आधार कोणता होता? वेगळी लिपी अंधांना डोळस समाजापासून तोडेल, हाच. मुलं लपूनछपून ठिपके टोचत राहिली, अखेर संचालकांनाच माघार घ्यावी लागली, आणि फ्रान्सने ब्रेल अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये, तिच्या जनकाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. सर्वांसाठी एकच साधन असावं, हे त्या साधनाचं मोजमाप ज्यांच्या शरीरावर बेतलेलं असतं त्यांनाच सहज सुचतं. एकत्र वाचायचं आहे ना? मग प्रत्येकाच्या हाती, कानी किंवा बोटाखाली तेच पुस्तक त्याच दिवशी पडू द्या. ते कोणत्या दारातून आलं याची चिंता वाचकाला क्वचितच असते.

सरकारी सेवेवरचा एक आक्षेप मात्र मला अस्वस्थ करतो: काय वाचायचं हे सरकारी यादी ठरवणार. बाजार उथळ असेल, पण तो नैतिकतेचे धडे देत नाही. हा आक्षेप काल्पनिक नाही. अमेरिकी संसदेने १९८५ मध्ये ही सेवा चालवणाऱ्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या निधीतून नेमकी तेवढी रक्कम कापली, जेवढी प्लेबॉय मासिकाच्या ब्रेल आवृत्तीवर खर्च होत होती. (त्या आवृत्तीत चित्रं नव्हती, केवळ मजकूर होता, तरीही संसदेला घाम फुटला.) ग्रंथपालांनी आवृत्ती बंद केली. अंध वाचकांची संघटना न्यायालयात गेली आणि १९८६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला: मजकूर आवडत नाही म्हणून निधी रोखणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. या प्रकरणातून सरकारी सेवेचा धोका दिसतो, हे खरंच. पण तिची ताकदही दिसते. संसदेला न्यायालयात खेचता आलं, कारण सेवा सार्वजनिक होती. एखाद्या कंपनीने उद्या एखादा विषय आपल्या ॲपवरून काढून टाकला, तर वाचक फार तर वर्गणी बंद करील. आणि खासगीपणाचा मुद्दा तर आपल्या चर्चेत येतच नाही. ज्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं, त्याचं प्रत्येक पुस्तक घरच्यांना कळतं. आजाराविषयीचं, घटस्फोटाविषयीचं, देव न मानणाऱ्याचं, शृंगाराचं पुस्तक कोणाला वाचायला सांगायचं? ग्रंथालयातून आलेलं श्राव्य पुस्तक कानाला लावून माणूस एकट्याने वाचू शकतो. बाकीच्यांना हा एकांत इतका सहज मिळालेला असतो की तो कधी मागावा लागेल हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, असा टोला काही रसिक मारतात, त्याला मी फार जागा देणार नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीच गोष्ट वाचताना आणि ऐकताना मेंदूत अर्थाचा नकाशा जवळजवळ सारखाच उमटल्याचं आढळलं. अभ्यास मोजक्या माणसांवरचा होता, त्यामुळे त्याच्या जोरावर फार उड्या मारू नयेत. तरी आजवर कीर्तनातून, कथाकथनातून, मौखिक परंपरेतून वाङ्मय जगलं त्या संस्कृतीत हा टोला मारणाऱ्यांचं आश्चर्यच वाटतं. यात ग्राह्य भाग एवढाच की शुद्धलेखन, विरामचिन्हं, गणित, संगीतलेखन हे कानाने शिकता येत नाही. अंध मुलाला ब्रेल शिकवायचं टाळून हातात ऑडिओबुक देणं हा आळस आहे. आणि ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांना श्राव्य पुस्तकाचा काडीचाही उपयोग नाही. पण यावरून श्राव्य सेवा कमी करावी असं निघत नाही. तिच्या शेजारी ब्रेल ठेवावं असं निघतं, आणि चांगल्या सेवांनी ते ठेवलेलं असतं.

लेखक-प्रकाशकांचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लिहिणाऱ्याला मुळातच कमी मिळतं. त्यात परवानगीशिवाय प्रती निघू लागल्या आणि त्या भलत्यांच्या हाती गेल्या तर त्याने काय करायचं? म्हणूनच १९३४ मध्ये प्रकाशकांनी तबकड्यांना होकार दिला तो त्या फक्त अंध वाचकांनाच दिल्या जातील या अटीवर, आणि ती मर्यादा आजच्या सेवांमध्येही नोंदणीच्या रूपाने टिकून आहे. दुसरीकडे, जागतिक अंध संघटनेच्या अंदाजानुसार प्रकाशित पुस्तकांपैकी दहा टक्क्यांहून कमी पुस्तकं या वाचकांपर्यंत पोहोचू शकतील अशा रूपात निघतात, आणि गरीब देशांत तर त्याहूनही फार कमी. बाजाराकडे शंभर वर्षं होती. २०१३ च्या जूनमध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला झालेला आंतरराष्ट्रीय करार या दुष्काळातूनच आला. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी परवानगीशिवाय प्रत बनवता यावी आणि ती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता यावी, अशी तरतूद त्यात आहे. आणि पुस्तक हातात धरता न येणाऱ्यांचा, नजर स्थिर ठेवता न येणाऱ्यांचा समावेश त्याच्या व्याख्येतच आहे. भारताने २०१२ मध्येच आपल्या कायद्यात तशी मुभा दिली होती आणि २०१४ मध्ये करार मंजूर करणारा तो पहिला देश ठरला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये करार अमलात आला. त्यात एक पळवाट मात्र आहे. पुस्तक योग्य रूपात बाजारात मिळत असेल तर ही मुभा लागू होणार नाही, असं ठरवण्याची सवलत देशांना आहे. वरवर पाहता न्याय्य वाटते. पण ‘बाजारात मिळतं’ म्हणजे काय? संक्षिप्त केलेलं, टिपा गाळलेलं, एका कंपनीच्या वर्गणीदारालाच ऐकता येणारं ऑडिओबुक असेल, तर ते मिळतं असं म्हणायचं का? ग्रंथालयाने पुस्तक बनवायला घेण्याआधी जगभरच्या दुकानांत शोध घेऊन तसा दाखला जोडायचा का? लेखकाचं नुकसान टाळण्यासाठी ठेवलेल्या या सवलतीत वाचक मात्र कागदपत्रांच्या फेऱ्यात अडकतो.

मग उरतो खर्च. दर वाचकामागचा खर्च सर्वसामान्य ग्रंथालयापेक्षा जास्त येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. एक पुस्तक वाचायला, तपासायला, बांधायला माणसांचे कित्येक तास जातात. याही बाबतीत एक जुना दाखला मोलाचा आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीत अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी बोलक्या पुस्तकांसाठी निधी गोळा करायला सुरुवातीला नकार दिला होता. लाखो लोक बेकार असताना ध्वनियंत्रासाठी पैसे मागणं त्यांना पटेना. त्यांना ती चैन वाटत होती. त्या स्वतः ऐकू शकत नव्हत्या, म्हणजे त्यात त्यांचा स्वार्थही नव्हता. पुढे त्यांनी मत बदललं आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे शब्द टाकला. बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतच बोलक्या पुस्तकांची यंत्रं बनवायचं काम घेतलं गेलं आणि वीस हजारांहून जास्त यंत्रं तयार झाली. मंदी आहे म्हणून पुस्तकं थांबवा म्हणणाऱ्यांना तेव्हाच्या सरकारने असं उत्तर दिलं. आज मंदीचं कारणही कोणी देत नाही. फक्त फोन दाखवला जातो.

सेवांनी स्वतःचं घर आवरण्याची गरज नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांच्या याद्या जुन्या असतात, नवं पुस्तक यायला वर्ष-वर्ष जातं, आणि दारात दाखल्याचा पहारा असतो. डिस्लेक्सिया असलेल्याने आपल्याला वाचता येत नाही हे डॉक्टरकडून लिहून आणावं, असा नियम अमेरिकेत २०२१ पर्यंत होता. वाचन शिकवणाऱ्या तज्ज्ञाचा शब्द तोवर चालत नसे. वाचनाची अडचण शिक्षकाला अधिक कळते की हृदयाचे ठोके तपासणाऱ्याला? स्वीडनमध्ये वैद्यकीय दाखला मागतच नाहीत. वाचक सांगतो, ग्रंथपाल नोंद करतो. लोक खोटं बोलून फुकट पुस्तकं लाटतील, अशी भीती घालणाऱ्यांनी तिथल्या प्रकाशकांचं दिवाळं निघालं का, हे पाहावं.

युरोपात २८ जून २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने ई-पुस्तकं सर्वांना वापरता येतील अशीच विकण्याचं बंधन आलं आहे. आता तरी वेगळी सेवा नको ना, असं लगेच विचारलं जाईल. पण कायदा ई-पुस्तकांचा आहे. कपाटांत साठलेलं, फक्त छापील असलेलं वाङ्मय त्याच्या बाहेर आहे. जिथे ई-पुस्तक निघतच नाही अशा भाषांचं काय? आणि ज्याला ई-पुस्तक परवडत नाही, फोन चालवता येत नाही, त्याचं काय? अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये हाथीट्रस्ट या विद्यापीठीय संग्रहाच्या खटल्यात अंधांसाठी स्कॅन केलेल्या प्रती ठेवणं वैध मानलं. लाखो जुन्या पुस्तकांचं काम अशा संग्रहांना आणि ग्रंथालयांनाच करावं लागणार आहे. नव्या पुस्तकांसाठी मात्र मागणी सोपी आहे. प्रकाशक छपाईला जी फाइल पाठवतो ती युनिकोडमध्ये, शीर्षकं आणि टिपा नीट बांधलेली, त्याच दिवशी ग्रंथालयाकडेही यावी. मग निवेदक कोणत्या पुस्तकाला लावायचा, यंत्राचा आवाज कुठे पुरेल, ब्रेल कुठे छापायचं, हे ग्रंथपालाला वाचकांना विचारून ठरवता येईल. पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे जमा करण्याची सक्ती अनेक देशांच्या कायद्यात आधीपासून आहे. त्याच कलमात फाइलचा उल्लेख घालायचा आहे.